वाट कोणीं कोणास द्यावी ?

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत, रस्त्यानें जातांना कोणास वाट द्यावी याचा एक क्रम सांगितला आहे. गाडींत बसलेला, नव्वदी उलटलेला वृद्ध, रोगी, ओझें वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि विवाहास निघालेला वर, इतक्यांसाठीं इतरांनीं बाजूस व्हावें. लगेच पुढच्या श्लोकांत, ही सर्व मंडळी एकाच ठिकाणीं समोरासमोर आली तर काय करावें, याचाही निर्णय दिलेला आहे. अशा वेळीं मान स्नातकाचा आणि राजाचा; आणि त्या दोघांचीच गांठ पडली तर राजानें स्नातकास मान द्यावा. संस्कृत शिकलेल्या आम्हां मंडळींस हा शेवटचा भाग फार गोड लागतो. तो कां, हें सांगावयास नको. परंतु ती यादी जरा निरखून पाहिली म्हणजे दोन अगदीं वेगळ्या कारणांनीं वाट मिळविणारे लोक तींत एका माळेंत ओंवलेले दिसतात. वृद्ध, रोगी आणि ओझें वाहणारा यांना वाट द्यावयाची ती त्यांच्या निकडीसाठीं. राजा आणि स्नातक यांना द्यावयाची ती त्यांच्या मानासाठीं. जोंवर रस्ता रुंद आहे तोंवर हीं दोन्ही कारणें सुखानें एकत्र नांदतात. गर्दी झाली कीं त्यांतून एक निवडावें लागतें, आणि त्या दुसऱ्या श्लोकानें मान निवडला. डोक्यावर मोट घेतलेला तो मनुष्य तेव्हां किती वेळ उभा राहिला असेल, हें श्लोकांत नाहीं.

हा जुना श्लोक मला नव्यानें वाचावासा वाटला तो एका पत्र्याच्या पेटीमुळें. हातभर लांब, तीन बोटें उंच, पुढल्या बाजूस चोवीस भोंकें, आणि प्रत्येक भोंकाशीं लुकलुकणारा हिरवा दिवा, असें तिचें रूप आहे. तिला स्विच म्हणतात. दिवा लावण्याच्या बटणासही आपण स्विचच म्हणतों; पण त्याचा आणि हिचा संबंध नांवापुरताच. संगणक, टेलिफोन, कॅमेरे यांच्या तारा या पेटींत येतात, आणि एकाकडून आलेला मजकूर ज्याचा त्याला पोंचता करणें हें तिचें काम. टपालकचेरींत पत्रें निवडणारा कारकून जें करतो तेंच ती करते; मात्र सेकंदाला लाखों वेळां.

ज्या शिक्षणसंस्थेंत ही पेटी आहे तिचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. संस्थेची एक शाखा डोंगरापलीकडच्या गांवीं आहे. तेथें संस्कृत शिकविणाऱ्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागीं नवी नेमणूक कांहीं होईना. नववीच्या अकरा मुलांनीं संस्कृत घेतलेलें होतें. तेव्हां असें ठरलें कीं, मीं मंगळवारीं आणि शुक्रवारीं साडेअकरा वाजतां मुख्य शाळेंत बसून पडद्यावरून त्या मुलांस शिकवावें. चित्र थोडें मागेंपुढें झालें तर तें चालतें. आवाजाचें तसें नाहीं. संस्कृत शिकविणें म्हणजे पुष्कळ अंशीं ऱ्हस्व, दीर्घ आणि विसर्ग मुलांच्या कानांत घालणें आहे, आणि नेमका तोच भाग वाटेंत सांडूं लागला. मीं इकडे 'रामः' म्हणावें तों पलीकडे नुसतें 'राम' पोंचे. विसर्ग गळाला कीं प्रथमेचें संबोधन होतें, आणि वाक्यांतला कर्ता नाहींसा होऊन आपण कोणाला तरी हांक मारीत आहों असें मुलांस वाटूं लागतें. तिसऱ्या आठवड्यांत दोन पालकांनीं मुलांचा विषय बदलून मिळावा म्हणून अर्ज केले. आणखी चार जणांनीं तसेच अर्ज केले असते तर वर्गच बंद करावा लागला असता. आणि एकदां बंद झालेला संस्कृतचा वर्ग पुन्हां उघडल्याचें मीं माझ्या नोकरींत पाहिलेलें नाहीं.

माझा भाचा पुण्यास याच व्यवसायांत आहे. गणपतीच्या सुटींत तो आला असतां मी त्याला शाळेंत घेऊन गेलों. त्यानें आपला संगणक त्या पेटीस जोडला, पांच-दहा मिनिटें आंकडे पाहिले आणि म्हणाला, "मामा, तुमचा आवाज बाहेर पडायच्या आधीच मरतोय. तो इथंच, या पेटीत."

तें कसें, हें त्यानें मला जसें समजावून सांगितलें तसें येथें सांगतों. तारेंतून जाणारा मजकूर पाण्याच्या धारेसारखा अखंड जात नाहीं. त्याचीं लहान लहान पुडकीं बांधतात. मोठ्यांतलें मोठें पुडकें सामान्यतः १,५०० बाइटांचें. सेकंदाला एक गिगाबिट वाहून नेणाऱ्या तारेवर तें चढावयास १२ मायक्रोसेकंद पुरतात. शंभर मेगाबिटांच्या तारेवर त्याच पुडक्यास १२० लागतात. आतां चोवीस तोंडांपैकीं तेवीस तोंडांतून आंत येणारीं पुडकीं चोविसाव्या एकाच तोंडानें बाहेर जावयाचीं असलीं, तर त्या तोंडाशीं दाटी होणार, हें जत्रेच्या दिवशीं गाभाऱ्याचें दार पाहिलेल्या मनुष्यास निराळें सांगावयास नको. म्हणून प्रत्येक तोंडाशीं पेटीच्या स्मरणांत थोडी जागा थांबण्यासाठीं राखलेली असते. तिला बफर म्हणतात. पुडकीं तेथें रांगेनें उभीं राहतात. ती जागा भरली कीं नंतर आलेलें पुडकें पेटी टाकून देते. तें ज्यानें पाठविलें त्याला ती कांहीं कळवीत नाहीं, आणि ज्याला जावयाचें त्यालाही नाहीं.

आमच्या पेटीचें चोविसावें तोंड संस्थेच्या कार्यालयाकडे जात होतें, आणि बाहेरच्या जगाकडे जाणारी वाटही तिकडूनच होती. बाकी सर्व तारा गिगाबिटच्या, आणि सर्वांचें ओझें वाहणारी ही एकटी मात्र शंभर मेगाबिटनें चाललेली. हें झालें दाटीचें कारण. पण दाटींत सर्वांचींच पुडकीं सारखीं मरत नव्हतीं, आणि खरी गंमत तेथेंच होती.

पुडक्याच्या कपाळावर तीन बिटांचा एक टिळा लावतां येतो. तीन बिटांचे शून्यापासून सातांपर्यंत आठ आंकडे होतात, आणि जितका आंकडा मोठा तितका अग्रक्रम वरचा. पांच हा आवाजाचा, चार हा चित्राचा, शून्य हा सर्वसाधारणांचा. यांत एक विचित्र अपवाद असा कीं, एकाची पायरी शून्याच्याही खालीं आहे. ज्याला कसलीच घाई नाहीं अशा कामासाठीं ती राखलेली. गणिताच्या मास्तरांना हें ऐकविलें तेव्हां ते बराच वेळ हंसत होते. मला अधिक आवडली ती सर्वांत वरच्या दोन आंकड्यांची व्यवस्था. सहा आणि सात हे आंकडे पेट्यांनीं आपसांत वाटांची जी देखरेख ठेवावयाची असते, तिच्या निरोपांसाठीं आहेत. म्हणजे वाटेवर पहिला मान राजाचा नाहीं आणि स्नातकाचाही नाहीं. तो वाट झाडणाऱ्याचा आहे. तोच अडकला तर बाकीचे कोठेंच जाऊं शकणार नाहींत.

आमच्या पेटींत या आठ पायऱ्यांच्या मिळून चार रांगा केलेल्या होत्या, आणि नियम अगदीं कडक लावलेला होता : वरच्या रांगेंत एक जरी पुडकें उभें असलें तरी खालच्या रांगेनें हलावयाचें नाहीं. पेटी स्वतःच हिशेब ठेवते. वरच्या रांगेंत टाकून दिलेलीं पुडकीं शून्य; तळाच्या रांगेंत सहा आंकडी संख्या. वरच्या रांगेंत असें होतें तरी कोण ? शाळेंत सोळा कॅमेरे आहेत. त्यांचीं चित्रें कार्यालयाच्या इमारतींत, संस्थेच्या अध्यक्षांच्या खोलींतील मोठ्या पडद्यावर दिवसभर दिसतात आणि तेथेंच सांठविलीं जातात. एकेकाचे चार मेगाबिट, म्हणजे सोळांचे चौसष्ट. पेटी बसविणाऱ्या कंत्राटदारानें अध्यक्षांच्या खोलीकडे जाणारें सर्व कांहीं पहिल्या रांगेंत घातलेलें होतें. उरलेल्या छत्तिसांत लेखनिकांचें काम, ग्रंथालय, तीस यंत्रांची संगणकशाळा, आणि सर्वांच्या मागें आमचा संस्कृतचा तास. सकाळीं साडेअकराला संगणकशाळा भरली कीं आमचा विसर्ग गेला.

अध्यक्षांनीं असें करावयास सांगितलें नव्हतें. त्यांना त्याची कल्पनाही नव्हती. कंत्राटदारानें मनांत वाईट आणून केलें असेंही मी म्हणणार नाहीं. साहेबांचें चित्र अडूं नये, एवढाच त्याचा सरळ हिशेब असावा. पण मान असाच चालतो. तो मागणारा बहुधा कोणी नसतो. देणारा उत्साही असतो, आणि त्याची किंमत तिसराच कोणीतरी चुकवितो.

आतां आवाजाला लागतें तरी किती, तें पाहा. टेलिफोनच्या जुन्या, सर्वमान्य पद्धतीनें आवाजास सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. वरचीं वेष्टनें धरूनही शंभरांच्या आंतच. म्हणजे आमच्या त्या अडलेल्या तारेचाही हजारावा भाग. दर वीस मिलिसेकंदांनीं एक पुडकें निघतें. ऱ्हस्व स्वराला सेकंदाचा सुमारें दहावा भाग धरला, तर तो पांच पुडक्यांत मावतो. त्यांतलीं दोन-तीन गेलीं कीं अक्षराचा जीव गेला. पुन्हां, आवाजाचें पुडकें उशिरां पोंचून उपयोग नाहीं. तोंडांतून निघाल्यापासून दीडशें मिलिसेकंदांच्या आंत तें कानीं पडावें, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. एखादें कागदपत्र दोन सेकंद मागाहून आलें तर तें कागदपत्रच असतें. पण वाक्य संपल्यावर आलेला विसर्ग हा नुसता आवाज असतो.

येथें आमच्या शास्त्रकारांचा सूचीकटाहन्याय आठवतो. लोहाराकडे एकानें कढई घडवावयास दिली आणि दुसऱ्यानें सुई, तर त्यानें सुई आधीं करून द्यावी. कारण सुईवाला लौकर मोकळा होतो आणि कढईवाल्यास तितका वेळ थांबणें जड जात नाहीं. अग्रक्रम लावण्याच्या कामांत आमची परंपरा कच्ची नव्हती. एकाच जागीं दोन सूत्रें लागूं पाहत असतील, तर पर, नित्य, अंतरंग आणि अपवाद यांत उत्तरोत्तर बलवत्तर कोण, हें वैयाकरणांनीं ठरवून ठेविलेलें आहे. मीमांसकांनीं श्रुति, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या अशा सहा पायऱ्या लावल्या, आणि तेथें आधींची ती बलवान्. पण व्याकरणांत हरलेल्या सूत्राचें कांहीं बिघडत नाहीं. तें पुस्तकांत आपल्या जागीं सुखरूप असतें आणि दुसऱ्या शब्दाच्या वेळीं पुन्हां उभें राहतें. हरलेलें पुडकें मात्र नाहींसें होतें, आणि त्याच्या मागें शाखेंतल्या बाकावर बसलेलें एक मूल असतें.

आणि नुसता सूचीकटाहन्यायही पुरत नाहीं. लोहाराच्या दाराशीं सुईवाल्यांची रीघच लागली तर कढई कधीं व्हावयाची ? कडक अग्रक्रमाचा हा दोष या शास्त्रांतील लोकांना प्रथमपासून ठाऊक आहे, आणि त्याला ते सरळ 'उपासमार' असेंच म्हणतात. तिच्यावरचा उपाय ऐकला तेव्हां मला आपली पंगत आठवली. जॉन नेगल या अमेरिकन अभियंत्यानें १९८५ सालीं अशी सूचना मांडली कीं, सर्वांची मिळून एक रांग न करतां ज्याची त्याची रांग वेगळी ठेवावी, आणि प्रत्येकीतून पाळीपाळीनें एकेक पुडकें घ्यावें. म्हणजे जो फार मजकूर ओततो त्याची स्वतःचीच रांग वाढते. शेजाऱ्याच्या पानावर त्याचा भार पडत नाहीं. पण पुडकीं लहानमोठीं असतात. वाढप्यानें पाळी चुकविली नाहीं, तरी एकाला पळी आणि दुसऱ्याला वाटी असें वाढलें तर तो पंक्तिप्रपंचच. १९८९ सालीं डेमर्स, केशव आणि शेंकर यांनीं पुडकीं न मोजतां बाइट मोजून न्याय करण्याची रीत दाखविली. ती उत्तम होती, पण फार हिशेबाची. १९९५ सालीं श्रीधर आणि जॉर्ज वर्गीस यांनीं तिचें सोपें रूप काढलें. प्रत्येक रांगेला दर पाळीस ठराविक माप द्यावयाचें. पुढचें पुडकें मापापेक्षां मोठें म्हणून जर तें निघूं शकलें नाहीं, तर उरलेलें माप त्या रांगेच्या नांवें जमा ठेवून पुढच्या पाळींत मिळवावयाचें. यांतले वर्गीस हे आपल्या पवईच्या आय. आय. टी. चे पदवीधर. रांगांना कमीअधिक वजन देतां येतें, पण कोणाचें पान कोरें राहत नाहीं. ज्यानें कधीं शंभर पानांच्या पंगतींत वाढलें असेल त्याला यांत नवें कांहीं वाटणार नाहीं. मला मात्र या युक्तीचें फार कौतुक वाटलें. कारण पंगतींत हें चांगला वाढपी मनानें करतो, आणि येथें तें अशा रीतीनें मांडलें आहे कीं मन नसलेल्या पेटीलाही करतां यावें.

शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनीं एक साधा प्रश्न विचारला. थांबण्याची जागा भरते म्हणून पुडकीं टाकावीं लागतात. मग जास्त जागेची मोठी पेटी आणली तर? प्रश्न शहाणपणाचा आहे, आणि पुष्कळ वर्षें पेट्या करणाऱ्या लोकांनींही असाच विचार केला. स्मरणाच्या चकत्या स्वस्त झाल्या तशा त्यांनीं रांगा लांब करीत नेल्या. १० मेगाबिटांच्या वाटेवर एक मेगाबाइटचा बफर ठेवला, आणि तो भरला, तर शेवटच्या पुडक्याला पाऊण सेकंदाहून अधिक काळ उभें राहावें लागतें. कांहींच टाकलें जात नाहीं, हिशेबांत सर्व शून्य दिसतें, आणि बोलणें मात्र अशक्य होऊन बसतें. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यानें या रोगाचा गवगवा केला, आणि बफर फुगणें असें त्याचें नांवही रूढ झालें. त्याच्या कितीतरी आधीं नेगल यानें दाखवून दिलें होतें कीं, थांबण्यास अमर्याद जागा दिली तरी जाळें बंद पडूं शकतें. पुडकीं रांगेंत उभीं राहूनच कालबाह्य होतात.

रांगेचें गणितही यांत फसवें आहे. तें गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील एर्लांग यानें १९०९ सालीं सुरू केलें. येणाऱ्यांच्या येण्यास आणि त्यांच्या कामास ठराविक ताळ नाहीं असें धरलें, तर वाट निम्मी भरलेली असतां सरासरीनें एक जण उभा असतो. ती शेंकडा ९० भरली कीं नऊ जण. शेंकडा ९९ भरली कीं नव्याण्णव. नव्वदांवरून नव्याण्णवांवर जाणें हें कारकुनी डोळ्यास थोडें दिसतें, आणि रांग मात्र अकरापट होते. मुलांस व्यवहारी अपूर्णांक शिकवितांना हें उदाहरण पूर्वीं मिळालें असतें तर बरें झालें असतें.

मग टाकणेंच योग्य काय ? या प्रश्नाचें उत्तर १९८६ सालच्या एका प्रसंगांत आहे, आणि या सबंध विषयांत मला तोच सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तेथील विश्वविद्यालय यांच्यामध्यें ४०० यार्डांचें अंतर. त्या वर्षीं ऑक्टोबरांत या दोहोंमधील वाट सेकंदाला ३२,००० बिटांवरून एकाएकीं ४० बिटांवर आली. ४० बिट म्हणजे रोमन लिपींतलीं पांच अक्षरें. चिठ्ठी लिहून चालत नेली असती तरी ती आधीं पोंचली असती. तार तुटलेली नव्हती, यंत्रेंही धडधाकट होतीं. झालें होतें तें एवढेंच कीं, ज्याला ज्याला वेळेवर पोंच मिळेना तो तेंच पुडकें पुन्हां पाठवी. पहिलें रांगेंत जिवंतच असे. त्यामागें त्याचेंच दुसरें, मग तिसरें. गर्दीमुळें उशीर, उशिरामुळें अधीरपणा, आणि अधीरपणामुळें आणखी गर्दी. वाट तुडुंब भरलेली आणि पोंचत जवळजवळ कांहींच नाहीं. नेगल यानें १९८४ सालींच अशा कोसळण्याचें भाकीत करून ठेवलें होतें.

व्हॅन जेकबसन यानें १९८८ सालीं प्रसिद्ध केलेला उपाय पेट्यांसाठीं नव्हता. तो पाठविणाऱ्यांसाठीं होता. प्रारंभीं थोडें पाठवावें. पोंच येत गेली तसें बेतानें वाढवावें. आणि एक जरी पुडकें हरवलें, तरी वाट भरली आहे असें समजून ताबडतोब आपला वेग निम्म्यावर आणावा. वाढवावयाचें एकेकानें आणि सोडावयाचें एकदम अर्धें. हें करावयास कोणी कोणास भाग पाडूं शकत नव्हतें. तरीही जगभरच्या संगणकांत ही रीत शिरली, आणि तिच्यांतूनच पुढचें सर्व इंटरनेट उभें राहिलें. या रीतींत टाकून दिलेलें पुडकें हा निरोप आहे. फुगलेल्या बफराचा अपराध हाच कीं, तो हा निरोप दाबून ठेवतो. नाहीं म्हणावयाचें तें वेळेवर न म्हणतां समोरच्याला ओसरीवर बसवून ठेवणारीं माणसें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत, आणि नकारापेक्षां त्यांचाच त्रास अधिक होतो.

अर्थात् टाकण्यालाही रीत हवी. रांग भरून वाहूं लागल्यावर सर्वांचींच पुडकीं एकदम टाकलीं, तर सगळे एकाच क्षणीं निम्म्यावर येतात, वाट ओस पडते, आणि मग सगळे बरोबरच पुन्हां वाढूं लागतात. हा शुद्ध गड्डरिकाप्रवाह. एक मेंढी वळली कीं कळप वळला. १९९३ सालीं सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनीं सुचविलें कीं, रांग भरण्यापूर्वींच अधूनमधून एखादें पुडकें, कोणाचें तें न पाहतां, टाकावें. जो जास्त पाठवितो त्याच्या वांट्याला तें आपोआप अधिक वेळां येतें. २०१२ सालीं कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनीं रांग किती लांब हें पाहण्याचें सोडून, पुडकें किती वेळ उभें आहे हेंच मोजावयास लावलें. पांच मिलिसेकंदांचें उभें राहणें क्षम्य. तेवढा उशीर शंभर मिलिसेकंद सतत टिकला तर टाकण्यास आरंभ.

आमच्या शाळेंत एवढें सूक्ष्म कांहीं केलें नाहीं. भाच्यानें आवाजाला पहिली रांग दिली. पण तिला एक मेगाबिटचें कुंपण घातलें, म्हणजे आवाजाचें सोंग घेऊन दुसरें कोणी त्या वाटेनें शिरूं नये. शिवाय कोणत्याही यंत्रानें स्वतःच्या कपाळीं लावून आणलेला आंकडा पेटीनें मानूं नये. तार कोणत्या तोंडाची आहे हें पाहून पेटीनेंच तो लावावा, असें केलें. स्वतःचें महत्त्व ज्यानें त्यानें ठरवावयाचें म्हटलें तर सातांखालीं कोणी उतरणार नाहीं, असें तो म्हणाला. बाकीच्या रांगांस वजनें दिलीं, आणि संगणकशाळेच्याही पानावर शेंकडा दहा तरी पडतील असें पाहिलें. कॅमेऱ्यांस निम्मा वांटा.

अध्यक्षांस हें पसंत पडलें नाहीं, आणि त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें मला म्हणवत नाहीं. ते म्हणाले, "मास्तर, कॅमेरे माझ्या करमणुकीसाठी नाहीत. शाळेत मुली आहेत. चित्रात खंड पडला आणि नेमकं त्याच वेळी काही घडलं, तर पालकांना उत्तर कोण देणार ? तुम्ही की मी ?" ही निकड होती, मान नव्हे, आणि मानाच्या रांगेंत उभी असल्यामुळें ती कोणाला ओळखूं आली नव्हती. भाच्याचें उत्तर असें कीं, चित्रें अखंड सांठविलीं गेलीं पाहिजेत, तीं दिवसभर अखंड दिसण्याची जरूर नाहीं. सांठविण्याचें यंत्र कॅमेऱ्यांच्याच इमारतींत ठेवावें, आणि पडद्याकडे लहान आकाराचीं, अर्ध्या मेगाबिटचीं चित्रें जाऊं द्यावींत. चौसष्टाचे आठ झाले असते, आणि खंड कोठेंच पडला नसता. अध्यक्षांनीं तें तेथल्या तेथें मान्य केलें. तें यंत्र यावयास मात्र तीन महिने लागले, कारण अंदाजपत्रक कार्यकारी मंडळापुढें जावयाचें होतें. तोंपर्यंत त्यांच्या पडद्यावर चित्र मधूनमधून अडखळे, आणि त्यांनीं त्याविषयीं कधीं तक्रार केली नाहीं.

मध्यंतरी ती शंभर मेगाबिटची तारही बदलली. तिच्या आंत तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, शंभराला दोन पुरतात. एक जोडी कोठेंतरी जिन्याखालीं तुटलेली होती, आणि म्हणून पेटीनें निमूटपणें शंभरावर समाधान मानलें होतें. नवी तार टाकतांच शाळेच्या आंतली दाटी संपली. अग्रक्रमांचे नियम अजून तसेच आहेत, पण त्यांना दिवसाचा बहुतेक वेळ काम नसतें.

दाटी मात्र नाहींशी झाली नाहीं. ती एक पाऊल पुढें जाऊन उभी राहिली. आतां ती संस्थेच्या फाटकाबाहेर, इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या वाटेवर आहे, आणि तेथें आमचे नियम चालत नाहींत. आमच्या पुडक्यांवरचा पांचाचा टिळा तेथें पुसला जातो, किंवा कोणी तो पाहत नाहीं. २०१६ च्या फेब्रुवारींत भारताच्या दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, मजकूर कोणता आहे तें पाहून निरनिराळे दर लावण्यास मनाई केली; आणि २०१८ च्या जुलैंत सरकारनें, मजकूर पाहून कोणाची वाट अडवूं नये अथवा कोणास पुढें काढूं नये, हें तत्त्व मान्य केलें. अत्यावश्यक अशा कांहीं विशेष सेवा तेवढ्या वगळल्या. यामुळें माझा तास इतरांबरोबर रांगेंत उभा राहतो, तरी मला तें रास्तच वाटतें. शाळेच्या आंत कोणाची निकड किती, हें विचारावयास अकरा मुलें, एक मुख्याध्यापिका आणि एक अध्यक्ष समोर होते. बाहेरच्या वाटेवर कंपनीला निकड दिसत नाहीं. तिला पैसे तेवढे दिसतात.

विषय बदलण्याचे ते दोन अर्ज पालकांनीं परत घेतले. शाखेच्या मुख्याध्यापकांशीं बोलून आम्ही तास साडेअकराऐवजीं सकाळीं आठ वाजतां ठेवला आहे. त्या वेळीं गांवांतली वाट मोकळी असते, आणि विसर्ग स्पष्ट पोंचतो.